नाशकात स्त्रीने निकाह लावला तर तो होतो का? (आणि बायकांच्या धार्मिक अधिकाराबद्दल आणखी काही)

वडाळा_वाचनगट

सलाम आणि नमस्कार मंडळी.

जुनं नाशिक, वडाळागाव आणि नाशिकरोड इथल्या बायकांचा आमचा एक वाचनगट आहे. सध्या निकाह, मेहर (नवऱ्याने बायकोला द्यायची हक्काची रक्कम) आणि तलाक यांवर मराठीत छोटी माहितीपुस्तिका करायचं चाललंय. कारण साधं आहे. मुली मराठी नाहीतर इंग्रजी माध्यमातून शिकतात, निकाहनामा असतो उर्दूत. बोट दाखवतील तिथे सही करून मोकळ्या होतात. पुढे काही बिनसलं की तो कागद घेऊन कुणाकडे तरी वाचून घ्यायला जायचं.

आम्ही अडलोय ते असं. स्त्री काझी निकाह लावू शकते का? लावला आणि नंतर कुणी हरकत घेतली तर? निकाहनाम्यात मुलीच्या बाजूने काय लिहून घेता येतं, आणि ते टिकावं म्हणून शब्द कसे असावेत? आमच्या गटात वेगवेगळी धर्ममतं मानणाऱ्या आहेत: हनफी आहेत, कोकणीपुऱ्यातल्या शाफई आहेत, दोन-तीन अहले हदीस घरातल्याही आहेत, त्यामुळे एकीचं उत्तर दुसरीला लागू पडत नाही आणि बैठक भांडणात संपते. शिवाय "बायकांना दीनमध्ये अधिकारच नाही" हे वाक्य दोन्ही बाजूंनी ऐकावं लागतं, आपल्या मोहल्ल्यातूनही आणि बाहेरूनही. दुसऱ्या देशांत काय आहे, हेही जाणून घ्यायचंय.

भावना नकोत, कलम, शब्द आणि पद्धत सांगा.

काझीगढी

आधी कायदा, कारण तो सोपा आहे.

१८८० चा काझी कायदा अजून पुस्तकात आहे. राज्य सरकार एखाद्या भागासाठी काझी नेमू शकतं, एवढाच त्याचा जीव. त्यातलं कलम ४ पुस्तिकेत जसंच्या तसं समजावून द्या. या कायद्याने काझीला न्यायदानाचे किंवा प्रशासनाचे कुठलेही अधिकार मिळत नाहीत, निकाहला काझी हजर असणं बंधनकारक होत नाही, आणि दुसऱ्या कुणी काझीचं काम करायला आडकाठीही येत नाही. "सरकारी काझीनेच लावला पाहिजे" असं कुणी म्हणालं की हे कलम पुढे ठेवायचं. २०१४ मध्ये विश्व लोचन मदन प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानेही स्पष्ट केलंय की दारुल कझाच्या, म्हणजे शरई पंचायतीच्या, निवाड्याला किंवा फतव्याला कायद्याचं बळ नाही. मानायचं तर माना, सक्ती नाही.

आता फिक्ह, म्हणजे इस्लामी धर्मशास्त्राचे नियम. निकाह उभा राहतो तो इजाब-कबूल आणि साक्षीदारांवर. एकाच बैठकीत एका बाजूने प्रस्ताव, दुसऱ्या बाजूने स्वीकार, आणि दोन्ही वाक्यं साक्षीदारांच्या कानावर पडली पाहिजेत. खुतबा, म्हणजे निकाहच्या वेळचं प्रवचन, सुन्नत (करावं असं) आहे, शर्त नाही. म्हणजे आपण ज्याला "निकाह पढवणारा" म्हणतो तो खरं तर खुतबा वाचणारा, बहुतेक वेळा मुलीचा वकील आणि शेवटी रजिस्टर भरणारा, असा तीन कामांचा माणूस असतो. प्रश्न या तीन तुकड्यांत विचारला की निम्मं भांडण मिटतं.

हनफी मताने सज्ञान, समजदार स्त्री स्वतःचा निकाह स्वतः करू शकते आणि दुसऱ्याची वकीलही होऊ शकते. त्यामुळे स्त्रीने पढवलेला निकाह होतो. दारुल इफ्तावाले, म्हणजे फतवा देणारे, सहसा "निकाह होईल, पण पसंत नाही" असं उत्तर देतात. ते "पसंत नाही" लोक मोठ्याने सांगतात, "होईल" गिळतात. साक्षीदार मात्र दोन पुरुष, किंवा एक पुरुष आणि दोन स्त्रिया.

शाफई मताने वली, म्हणजे मुलीचा पालक, लागतोच, आणि वली पुरुषच. साक्षीदारही दोन पुरुष. कोकणीपुऱ्यातल्या आपांसाठी फरक इथे आहे. वडिलांनी वली म्हणून स्वतः इजाब केला आणि खुतबा बाईंनी वाचला, तर निकाहच्या अटी पूर्णच होतात. पण वली नसेल आणि काझीलाच वली व्हायचं असेल, तर ते काम शाफई मताने बाईंना करता येत नाही. अहले हदीसही वलीचा आग्रह धरतात.

भारतात हे झालेलं आहे. २००८ मध्ये लखनौला सईदा हमीद यांनी निकाह लावला, त्या तेव्हा नियोजन आयोगाच्या सदस्य होत्या. भारतीय मुस्लिम महिला आंदोलनाने मुंबईत स्त्रियांना काझीपदाचं प्रशिक्षण द्यायला सुरुवात केली, आणि २०१६ मध्ये जयपूरच्या दोघींनी ते पूर्ण केल्यावर केवढा गहजब झाला तो आठवत असेल.

बिघडतं ते फिक्हमध्ये नाही, दप्तरात. महापालिकेच्या नोंदणी अर्जात निकाह लावणाऱ्याचं नाव, पत्ता, सही मागतात. जमातीच्या किंवा मशिदीच्या रजिस्टरात नोंद नसली की सासरचे वर्षभराने म्हणायला मोकळे, "असा निकाह झालाच नाही." म्हणून तीन गोष्टी त्याच दिवशी उरका. निकाहनाम्याच्या किमान तीन मूळ प्रती करा, एक मुलीच्या हातात. साक्षीदारांची पूर्ण नावं, पत्ते, ओळखपत्राच्या प्रती जोडा. नुसती "हाजी साहेब" अशी सही चालवून घेऊ नका. आणि १९९८ च्या महाराष्ट्राच्या कायद्याखाली ९० दिवसांच्या आत विवाहनोंदणी. निकाहनामा उर्दूत असेल तर भाषांतर आधीच करून ठेवा, खिडकीवर गेल्यावर धावपळ नको.

एक सावधगिरी. काही जण हौसेने किंवा वारशाच्या कारणाने १९५४ च्या विशेष विवाह कायद्याखालीही नोंद करतात. मुलींना मिळकतीत पूर्ण वाटा जावा म्हणून २०२३ मध्ये केरळात वकील-अभिनेते सी. शुक्कूर यांनी तसं केलं होतं. मार्ग चांगला आहे, पण त्यानंतर वारसा १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार कायद्याने जातो आणि विवाह मोडायचा तर त्याच विशेष विवाह कायद्याखाली न्यायालयातून. निकाहनाम्यात तफवीज, म्हणजे बायकोला सोपवलेला तलाकचा अधिकार, लिहून घेऊन वर ही नोंद केली, तर ती तफवीज शोभेची राहते. दोन्हीपैकी काय हवं ते आधी ठरवा.

रहल_आणि_चष्मा

काझीगढी भाईंनी तफवीजचा उल्लेख केलाच आहे, तर तिथूनच पुढे. माझ्या मते पुस्तिकेची अर्धी पानं यालाच द्यावीत.

तफवीज-ए-तलाक म्हणजे नवऱ्याने तलाकचा अधिकार बायकोला सोपवणं. हनफी फिक्हमध्ये याला भक्कम आधार आहे आणि आपल्या न्यायालयांनीही तो मानलाय. पाकिस्तान आणि बांगलादेशच्या छापील निकाहनाम्यात यासाठी १८ क्रमांकाचा रकानाच आहे. तिथलं रडगाणं असं की निकाह रजिस्ट्रार मुलीला न विचारताच त्यावर आडवी रेघ मारतो. आपल्याकडच्या बहुतेक छापील पुस्तकांत रकाना नाही, म्हणजे रेघ मारायचीही गरज पडत नाही.

शब्द चुकले की काय होतं ते बघा.

"मी बायकोला तलाकचा अधिकार देतो" एवढंच लिहिलं, तर हनफी मताने तो अधिकार त्या बैठकीपुरताच. ती उठली की संपला. म्हणून "जेव्हा कधी इच्छा होईल तेव्हा" हे शब्द हवेतच.

किती आणि कोणता तलाक, तेही लिहा. नुसतं "तलाक" असेल तर तो रजई, म्हणजे मागे घेता येणारा, धरला जाऊ शकतो आणि इद्दतीत (तलाकनंतरच्या थांबण्याच्या काळात) नवरा रुजू करून घेतो, म्हणजे तलाक मागे घेतो. म्हणजे केलं-सवरलं पाण्यात. "एक तलाक-ए-बाइन" असं लिहावं, म्हणजे नवऱ्याला मागे घेता येणार नाही असा. तीन लिहायची गरज नाही आणि लिहूही नये. २०१९ च्या कायद्यात तात्काळ, परत न घेता येणारा तलाक रद्दबातल आणि गुन्हा ठरवलाय. त्या व्याख्येत तो उच्चारणारा "मुस्लिम पती" आहे. बायकोने सोपवलेला अधिकार वापरणं ही वेगळी गोष्ट, पण तीनचा आकडा दिसला की समोरचा वकील त्यावरच बोट ठेवणार.

"सोपवतो" लिहा, "वकील नेमतो" लिहू नका. नेमलेल्या वकिलाला काढून टाकता येतं, सोपवलेला अधिकार नवरा परत घेऊ शकत नाही.

चौथी गोष्ट वेळेची. निकाहच्या आधी साध्या कागदावर लिहून दिलेली तफवीज फोल असते, कारण त्या क्षणी तो नवराच नाही. आधी लिहायची तर "अमक्याची मुलगी अमुक हिच्याशी माझा निकाह झाला तर" अशी सुरुवात लागते. निकाहच्या वेळी घ्यायची तर इजाब मुलीच्या बाजूने, अटीसकट व्हावा आणि मुलाने तो कबूल करावा. उलटं केलं, म्हणजे मुलाने प्रस्ताव मांडला, मुलीने कबूल केला आणि मागाहून अट वाचली, तर अट हवेत राहते. निकाहनंतर कधीही लिहून द्यायला हरकत नाही, फक्त नंतर कुणी देत नाही! मौलाना अशरफ अली थानवींनी १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला 'अल-हीला अन-नाजिज़ा' या पुस्तकात या तिन्ही वेळांचे मसुदे दिलेत. त्या काळी पंजाबात बायका नकोशा नवऱ्यापासून सुटण्यासाठी धर्म सोडत होत्या, कारण हनफी मताने दुसरी वाटच सापडत नव्हती. थानवींनी मालिकी मताचा आधार घेऊन फस्खची, म्हणजे निकाह रद्द करून घ्यायची, वाट काढली आणि १९३९ चा मुस्लिम विवाहविच्छेद कायदा त्याच वातावरणात आला. ज्यांना तफवीज म्हणजे शहरी बायकांचं नवं खूळ वाटतं, त्यांना देवबंदच्या थोर आलिमाचं हे नाव सांगावं. लगेच आवाज खाली येतो.

मसुदा असा करता येईल: "मी, अमुक, माझी पत्नी अमुक हिला हा अधिकार सोपवतो की खालीलपैकी कोणतीही अट मोडल्यास, जेव्हा कधी तिची इच्छा होईल तेव्हा, ती स्वतःला एक तलाक-ए-बाइन देऊ शकेल." खाली अटी मोजक्या आणि सिद्ध करता येतील अशा हव्यात: सलग इतके महिने खर्च न देणं, तिच्या लेखी संमतीशिवाय दुसरा निकाह, मारहाण. "चांगलं वागवणं" ही अट कागदावर छान दिसते, पण मोडली की नाही हे ठरवणार कोण?

आता मेहर. मेहर-ए-फातिमी म्हणजे ५०० दिरहम, आपल्या जुन्या हिशेबाने १३१ तोळे ३ मासे चांदी. तो जुना तोळा ११.६६४ ग्रॅमचा, म्हणजे एकूण १५३०.९ ग्रॅम. आपल्या सराफ बाजारात आज तोळा म्हणजे १० ग्रॅम. निकाहनाम्यात नुसतं "१३१ तोळे ३ मासे" लिहिलं आणि हिशेब आजच्या तोळ्याने केला, तर मुलीची २१८ ग्रॅम चांदी तिथल्या तिथे गायब. ग्रॅममध्येच लिहा. हनफींची किमान मर्यादा १० दिरहम, म्हणजे ३०.६१८ ग्रॅम चांदी. शाफईंकडे अशी किमान मर्यादा नाही. "७८६ रुपये" किंवा "शरई मेहर" एवढंच लिहून सोडणं हा मुलीचा तोटा आहे. पहिल्यात हनफी किमानही भरत नाही, दुसऱ्याचा अर्थ प्रत्येकजण आपल्या सोयीने लावतो.

आणखी एक फसगत. तात्काळ द्यायचा मेहर आणि नंतर द्यायचा मेहर, दोन्हींना आपल्या तोंडी "मुअज्जल"च म्हणतात. उर्दू लिपीत एकात ऐन आणि दुसऱ्यात हमजा, त्यामुळे तिथे फरक कळतो. देवनागरीत दोन्ही डिट्टो. मराठी नमुन्यात सरळ "निकाहच्या वेळी दिला: इतका" आणि "बाकी, मागताच देय: इतका" असं छापा. "मागताच" नको असेल तर तारीख घाला. राहिलेला मेहर हे नवऱ्यावरचं कर्ज आहे. तो वारला तर वारसांत वाटणी व्हायच्या आधी ते फेडायचं असतं. मय्यतीपाशी (मृतदेहाजवळ) विधवेकडून "माफ केला" म्हणवून घेतात, त्याबद्दल पुस्तिकेत ठळक अक्षरात लिहा.

गोदाकाठ

माहिती उत्तम. पण स्पष्ट बोलतो, हे सगळं पुरुषांनी लिहिलेल्या चौकटीत राहून फटी शोधणं झालं. १९६६ साली हमीद दलवाईंनी सात मुस्लिम स्त्रियांचा मोर्चा मुंबईत नेला, तेव्हाची मागणी कायदा बदलण्याची होती. साठ वर्षं होत आली आणि आपण अजून हमजा आणि ऐनवर चर्चा करतोय. आणि जगात इतरत्र स्त्रिया इमाम झाल्या म्हणतात, ते नेमकं काय आहे?

रहल_आणि_चष्मा

गोदाकाठ दादा, मोर्चा हवाच. पण कायदा बदलेपर्यंत ज्यांचे निकाह होणार आहेत त्यांनी कोऱ्या कागदावर सही करायची का? दोन्ही कामं वेगळी आहेत, एकाने दुसऱ्याचा रस्ता अडत नाही.

जाता_येता

"जगात इतरत्र" यावर थोडं. इमामतीच्या बातमीने डोळे दिपतात, पण मला विचाराल तर बघायची गोष्ट वेगळी आहे: बाईला खुर्ची आहे का, पगार कोण देतं, आणि रजिस्टर कुणाच्या ताब्यात आहे.

१८ मार्च २००५ ला न्यूयॉर्कमध्ये अमिना वदूद यांनी स्त्री-पुरुषांच्या एकत्र जुम्याची, म्हणजे शुक्रवारच्या नमाजेची, इमामत केली. जगभर गाजलं. कुठल्याही मशिदीने जागा दिली नाही, नमाज एका चर्चच्या इमारतीत झाली. चर्चा अजून चालू आहे, आणि चर्चेचं मोल मी कमी करत नाही. पण त्या दिवशी कुठल्या मशिदीच्या कमिटीत बदल झाला नाही.

याच्या उलट टोक चीनमध्ये. हेनान प्रांतात ह्वे मुस्लिमांच्या स्त्रियांच्या स्वतंत्र मशिदी आहेत, त्यांच्या स्वतःच्या स्त्री आहोंग, म्हणजे इमाम, असतात. कायफंग शहरातली वांगजिया गल्लीतली मशीद १८२० ची. आधी मुलींना दीन शिकवायच्या शाळा होत्या, त्यातून मशिदी झाल्या. आहोंग बाई नमाज पढवते ती रांगेत, बायकांच्या मधोमध उभी राहून, पुढे नाही. जनाज्याची नमाज ती पढवत नाही. म्हणजे फिक्हची मर्यादा तीच, पण इमारत बायकांची आणि शिकवणारी त्यांचीच. मर्यादा एक असूनही रोजच्या जगण्यात जमीन-अस्मानाचा फरक पडतो.

मोरोक्कोने २००३ च्या कासाब्लांका स्फोटांनंतर धार्मिक खातं नव्याने बांधलं आणि २००६ मध्ये पहिल्या ५० मुर्शिदा, म्हणजे धार्मिक मार्गदर्शक स्त्रिया, तयार झाल्या. प्रवेशाला पदवी आणि निम्मं कुराण पाठ. मशीद, तुरुंग, दवाखाना, शाळा इथे त्या मार्गदर्शन करतात, सरकारी पगार घेतात. नमाज पढवत नाहीत. यातली गोम अशी की पगार देणाऱ्या मंत्रालयाच्या धोरणापलीकडे त्यांना बोलता येत नाही. तुर्कस्तानात दियानत या सरकारी धर्मखात्याच्या स्त्री प्रवचनकारांची, म्हणजे वाइज़ांची, गत फार वेगळी नाही.

इजिप्तमध्ये २००८ साली अमल सुलेमान या पहिल्या स्त्री मआज़ून झाल्या, म्हणजे सरकारमान्य निकाह-नोंदणी अधिकारी. "पाळीच्या दिवसांत बाई मशिदीत कशी जाणार?" हा नेहमीचा आक्षेप इथे बिनकामाचा आहे, कारण निकाहला मशीद लागतच नाही. लागतं रजिस्टर, आणि ते त्यांच्या हातात होतं. पॅलेस्टाइनमध्ये २००९ ला आणि मलेशियात २०१० ला शरई न्यायालयांत स्त्री न्यायाधीश नेमल्या गेल्या. इंडोनेशियात त्या कितीतरी आधीपासून आहेत. हनफी ग्रंथांत तर हुदूद-किसास (ठरलेल्या शिक्षांचे आणि खुनाच्या बदल्याचे खटले) सोडून जिथे स्त्रीची साक्ष चालते तिथे तिचा निवाडाही चालतो, असं लिहिलेलंच आहे.

इंडोनेशियाचं उदाहरण पुस्तिकेत सविस्तर घ्या. एप्रिल २०१७ मध्ये चिरेबोन इथल्या एका पेसान्त्रेनमध्ये, म्हणजे निवासी मदरशात, स्त्री उलेमांची परिषद भरली. तिथे लैंगिक हिंसा, बालविवाह आणि निसर्गाचा नाश या तीन विषयांवर धार्मिक मत जाहीर झालं. पद्धत पाहण्यासारखी आहे: आयत आणि हदीस, पारंपरिक फिक्ह, देशाची राज्यघटना, आणि ज्या बायकांवर प्रसंग गुदरला त्यांचा अनुभव, हे सगळं पुराव्यात धरलं. २०१९ मध्ये तिथे मुलींच्या लग्नाचं किमान वय १६ वरून १९ झालं. एकट्या परिषदेमुळे नव्हे, न्यायालयाचा निकालही होता. मात्र सवलतीची वाट कायद्यात ठेवली होती, आणि वय वाढताच धार्मिक न्यायालयांत सवलतीच्या अर्जांची रीघ लागली. नियम केला आणि पळवाट उघडी ठेवली की असंच होणार.

एक जुनं उदाहरण दिल्याशिवाय राहवत नाही. आजच्या उत्तर नायजेरियात सोकोतोच्या नाना अस्माऊ (१७९३ ते १८६४). कवयित्री, आलिमा (धर्मपंडिता), खलिफाची मुलगी. खेड्यापाड्यातल्या बायकांना दीन शिकवायचा तर त्या राजधानीपर्यंत येणार कशा? त्यांनी प्रत्येक भागात एक 'जाजी' नेमली. ती बायकांचा जथा घेऊन येई, अस्माऊंच्या कविता पाठ करून परत जाई आणि गावात शिकवी. हौसा, फुलानी आणि अरबी अशा तिन्ही भाषांत त्यांची रचना आहे. जाजीला नेमताना गवताची मोठी फुगीर टोपी दिली जाई, तिच्यावर लाल पट्टी बांधलेली. दुरून येताना दिसली की वाटेतल्यांना कळे, ही कोण आहे आणि हिला कुणी पाठवलंय. अधिकार नुसता असून भागत नाही, तो लोकांना दिसावाही लागतो.

पिंपळचौक

सगळे देश फिरून झाले, आता जरा मोहल्ल्यात या. "बायकांना अधिकार नाही" म्हणणाऱ्यांना एक विचारा: घरातली बाई वारली की हुकूम कुणाचा चालतो? गुस्ल, म्हणजे मय्यतीला शेवटची आंघोळ, देणाऱ्या बाईचा. हनफी मताने नवराही मय्यतीला हात लावू शकत नाही, पाहू शकतो. (शाफई मताने तो गुस्लही देऊ शकतो, म्हणून मिश्र घरात हे आधीच विचारून घ्यावं.) मौलाना बाहेर अंगणात, आत ही सांगेल तसं.

पद्धत पुस्तिकेत हवीच, कारण जाणत्या बायका कमी होत चालल्यात. दोघी-तिघी पुरे, गर्दी नको. नाभीपासून गुडघ्यापर्यंत चादर कायम, त्याखालून हाताला कापड गुंडाळून धुवायचं. मग वुजू (नमाजेआधीचं हात-तोंड-पाय धुणं), पण तोंडात-नाकात पाणी घालायचं नाही, ओल्या कापसाने पुसायचं. बोरीची पानं उकळलेलं कोमट पाणी. डाव्या कुशीवर कलवून आधी उजवी बाजू, मग उजव्या कुशीवर कलवून डावी. पाठीला टेका देऊन किंचित बसवून पोट हलक्या हाताने दाबायचं. काही बाहेर आलं तर तेवढंच धुवायचं, गुस्ल पुन्हा करायचं नाही. इथे नवख्या हमखास गोंधळतात आणि सगळं पहिल्यापासून सुरू करतात. शेवटच्या पाण्यात कापूर. धुणं विषम वेळा, बहुधा तीन.

कफन पाच कपड्यांचं: लिफाफा (मोठी चादर), इजार (त्याहून लहान चादर), कमीस, ओढणी, सीनाबंद (छातीवरचं कापड). अंथरताना लिफाफा सगळ्यात खाली. सीनाबंद लिफाफ्याच्या आत की वरून, यावर दोन पद्धती आहेत, घरच्यांशी वाद घालू नये. केसांचे हनफी पद्धतीने दोन भाग करून कमीसवरून छातीवर, शाफई पद्धतीने तीन वेण्या मागे. कडा मुडपताना आधी डावी, मग उजवी वर. शवविच्छेदन झालेली मय्यत असेल तर टाके उकलू नयेत, जोरात पाणी सोडू नये, टाक्यांवर कापूस ठेवून पट्टी बांधावी. रक्त थांबत नसेल तर खाली प्लॅस्टिक चालतं.

ही विद्या हदीसमध्ये कुणाच्या नावावर आहे? पैगंबरांच्या काळातल्या उम्मे अतिया यांच्या. पैगंबरांच्या मुलीच्या गुस्लची रीत त्यांच्याकडून पुरुष आलिमही शिकले. तरी आज गुस्ल देणाऱ्या बाईचं नाव कुठल्या जमातीच्या यादीत नसतं. वडाळा आपा, सुरुवात तिथून करा. मोहल्लावार यादी, शिकाऊ मुली जोडीला द्या, जमातीच्या फलकावर नावं लावा. कुणी विरोध करणार नाही, कारण गरज सगळ्यांनाच आहे.

मशिदीबद्दल थोडक्यात. स्त्रियांना मशिदीत येऊन नमाज पढायला मनाई नाही, असं मुस्लिम पर्सनल लॉ बोर्डाने सर्वोच्च न्यायालयात प्रतिज्ञापत्रावर सांगितलंय. त्यामुळे कमिटीकडे जाताना "परवानगी द्या का" असं विचारू नका, "सोय कशी करायची" असं विचारा. वेगळी वाट, वेगळा वुजूखाना, दाराला आतून कडी, आणि बॅटरीवर चालणारा स्पीकर. वीज गेली की वरच्या मजल्यावर इमाम रुकूत (वाकलेला) आहे की सजद्यात (कपाळ टेकलेला) तेच कळत नाही, बायकांची नमाज बिघडते, आणि पुढच्या जुम्याला निम्म्या येत नाहीत. मग कमिटी म्हणते, "बघा, बायकाच येत नाहीत." जुम्याला मशिदीत आलेल्या बाईने दोन रकात (नमाजेची आवर्तनं) फर्ज इमामामागे पढायचे, घरी असेल तर जोहरचे, म्हणजे दुपारच्या नमाजेचे, चार. हेही लिहा, बऱ्याच जणी दोन्ही पढतात.

बायकांनी बायकांची जमात, म्हणजे सामूहिक नमाज, करण्याबद्दल हनफी "मकरूह (नापसंत), पण नमाज होते" म्हणतात, शाफईंकडे ती पसंत आहे. दोन्हीकडे पढवणारी रांगेच्या मध्यभागी.

शिकायचं म्हणाल तर लांब जायला नको. आपल्याच जिल्ह्यात मालेगावला मुलींचे जुने निवासी मदरसे आहेत, जामियतुस्सालिहातचं नाव त्यात पहिलं. पुढे मुफ्तियापर्यंत, म्हणजे फतवा देण्याइतकं, जायचं तर हैदराबादला जामियतुल मोमिनात. प्रवेशाच्या वेळी एवढंच तपासा की मुलींच्या आलिमा अभ्यासक्रमात फिक्हची मोठी पुस्तकं पूर्ण शिकवतात की निवडक प्रकरणं. वर्षं कमी केली की कात्री बहुतेक तिथेच लागते, आणि मग सनद असूनही मुलगी मसला (धार्मिक प्रश्नाचं उत्तर) सांगायला बिचकते.

वडाळा_वाचनगट

सर्वांचे मनापासून आभार. चांदीचा हिशेब आणि गुस्लची पद्धत दोन्ही पुस्तिकेत जाणार. काझीगढी भाई, एक राहिलं. तफवीज नसेल आणि बाईलाच सुटायचं असेल, तर खुला आणि कोर्ट यांत आधी काय? काही ठिकाणी नुसता खुलानामा घेऊन मोकळ्या होतात आणि नंतर अडकतात.

काझीगढी

नवरा तयार असेल तर खुला किंवा मुबारात. खुलात मागणी बायकोची, सहसा मेहर सोडून किंवा परत करून. मुबारातमध्ये दोघांनाही नको असतं. लेखी करा, दोन साक्षीदार, तारीख, आणि कोणत्या तारखेपासून इद्दत सुरू ते स्पष्ट. हनफी मताने खुलाची इद्दत तीन हैज (मासिक पाळ्या), गर्भ असेल तर बाळंतपणापर्यंत.

अडकतात ते इथे: खुलानामा हा खाजगी कागद आहे. पासपोर्ट, दुसऱ्या विवाहाची नोंद, घराचे कागद, कुठेही तो एकटा पुरत नाही. केरळ उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये न्यायालयाबाहेरचा खुला मान्य केला. मद्रास उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये शरियत कौन्सिलने दिलेलं खुला प्रमाणपत्र मान्य केलं नाही, कौटुंबिक न्यायालयात जा म्हणून सांगितलं. म्हणून खुला झाल्यावर नाशिकच्या कौटुंबिक न्यायालयातून वैवाहिक स्थितीचा घोषणात्मक हुकूम घ्यावा. १९८४ च्या कौटुंबिक न्यायालय कायद्याच्या कलम ७ मध्ये तशी सोय आहे. दोघांची संमती असली की त्यात फारसं घासाघीस होत नाही.

नवरा तयार नसेल तर १९३९ च्या कायद्याचं कलम २. चार वर्षं बेपत्ता, दोन वर्षं खर्च दिला नाही, सात वर्षं किंवा जास्त शिक्षा, तीन वर्षं वैवाहिक कर्तव्य टाळलं, क्रूरता, आणि आणखी काही कारणं. बेपत्ता असल्याच्या कारणावरचा हुकूम सहा महिने अमलात येत नाही, तेवढ्यात तो परतला तर हुकूम रद्द होऊ शकतो. तोवर दुसरा निकाह ठरवू नका. क्रूरतेसाठी दवाखान्याचे कागद आणि पोलिसांतल्या अर्जाची पोच जपून ठेवायला सांगा. मोबाईलवरचे निरोप पुसले जातात, त्यांची छापील प्रत वेळीच काढावी.

पोटगीबद्दल: १० जुलै २०२४ च्या निकालाने सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की जुन्या फौजदारी संहितेच्या कलम १२५ ची वाट मुस्लिम घटस्फोटित स्त्रीलाही खुली आहे. आता तेच नव्या संहितेत कलम १४४ आहे. मुस्लिम घटस्फोटित स्त्रियांच्या हक्कांचा १९८६ चा कायदा त्याच्या जोडीला आहेच.

आणि खुलानाम्यात "मेहर, इद्दतीचा खर्च आणि मुलांचा खर्च माफ" असं एका दमात लिहून घेतात. पहिल्या दोन गोष्टी बाई सोडू शकते. मुलांचा खर्च हा मुलांचा हक्क आहे, तो सोडून देणारी ती कोण? नमुना छापाल तेव्हा त्याचा रकाना वेगळा ठेवा, मेहरच्या ओळीला चिकटून नको.